एका रविवारचे चार पाठ

सुट्टीचा दिवस, उशिरा उकळलेला चहा, मुलांचे निरागस प्रश्न, जुना मित्र आणि त्याचे शेत, थोडा पाऊस किंवा थोडे कोवळे ऊन, आणि शेवटी आयुष्य अशा लहानलहान क्षणांतच असते असा एक हलका निष्कर्ष. हा ललित लेख आपण सर्वांनी वाचलेला आहे. रविवारच्या पुरवण्यांत तो असतो, दिवाळी अंकांत असतो, आणि आता पडद्यावरही असतो. साहित्याच्या वर्गात आम्ही शिक्षक मंडळी त्याची टिंगल करतो. 'गुळगुळीत', 'मध्यमवर्गीय', 'अनुभवाची खोली नाही' ही आमची ठरलेली शेरेबाजी. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि घरी जाऊन तोच लेख आवडीने वाचतात.

या टिंगलीत मीही सामील होतो. आता मला वाटते की आपण दोष भलत्या जागी दाखवत आलो. बापाने मुलांबरोबर, बायकोबरोबर, मित्राबरोबर घालवलेला सुट्टीचा दिवस हा विषय क्षुल्लक नाही. मराठी गद्याने आपल्या पहिल्या पावलाला नेमका हाच विषय, म्हणजे रोजचे उठणे, बसणे, जेवणे, हिंडणे, पूर्ण गांभीर्याने हाताळलेला आहे, आणि तोही मी राहतो त्या मोर्शी तालुक्यात. या ललित लेखाचा दोष एवढाच की त्यात साक्षीदार एकच असतो. लिहिणारा 'मी' एकटाच पाहतो, एकटाच आठवतो आणि सगळ्यांच्या वतीने आनंदी होतो. बाकीची माणसे त्या दिवशी कुठे होती, हे त्यांना कोणी विचारतच नाही.

हे मी परक्याच्या लेखनाबद्दल बोलत नाही. असा एक लेख मी स्वतः लिहिला होता आणि तो एका दिवाळी अंकात छापूनही आला होता. जानेवारीतला रविवार होता. ऊर्ध्व वर्धा धरणाच्या फुगवट्याच्या काठापासून थोड्या अंतरावर माझ्या एका मित्राचे शेत आहे, संत्र्याचे. तिथे रोडग्यांचा बेत होता. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, मग राख झटकून, फोडून तुपात बुडवायचे; सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे 'स्वयंपाक आहे, या' असे आमंत्रण आले की त्याचा अर्थ बहुधा हाच असतो. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. मित्राचा मुलगा तिच्याहून लहान. मित्राची आई, त्याची पत्नी, माझी पत्नी आणि आम्ही दोघे बालमित्र, एवढी माणसे.

लेखात मी काय लिहिले होते ते आज वाचवत नाही. दुपारच्या उन्हात चांदीसारखे चमकणारे पाणी होते. हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी होते. पाने किंचित मलूल झालेली, काही पिवळी पडून गळणारी संत्र्याची झाडे होती आणि त्या मलूलपणावर एक परिच्छेद होता. मित्र फार बोलत नव्हता, तेव्हा 'मैत्रीत शब्दांची गरज संपते' असे एक वाक्य होते. त्या वाक्याचे दोघातिघांनी मला फोन करून कौतुक केले होते.

अंक घरी आल्यावर पत्नीने लेख वाचला. ती म्हणाली, "छान लिहिलंय. पण ते पाणी मी पाहिलंच नाही."

मी म्हणालो, असे कसे होईल, आपण सगळे तर तिथेच होतो.

"तुम्ही होते. मी आणि वहिनी गोवऱ्यांजवळ होतो. तुमचं जेवण झालं, मग आमचं झालं. मग भांडी. मग तुम्ही म्हणाले चला, अंधार होतो."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती फक्त दुरुस्ती करत होती. शुद्धलेखनाची चूक दाखवावी तशी. मी 'आपण सगळे काठावर बसलो' असे लिहिले होते आणि त्या 'सगळे' या शब्दात दोन बायका नव्हत्या.

पुढच्या महिन्यात मित्राची भेट झाली. तोपर्यंत त्याने बागेतली बहुतेक झाडे काढून टाकली होती. इथे थोडे शेतीचे सांगावे लागेल. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. यालाच ताण देणे म्हणतात. झाड मलूल होते, काही पाने गाळते. मग जानेवारीच्या आसपास पाणी देऊन ताण तोडतात आणि झाड फुलावर येते. त्या रविवारी मी पाहिलेली आणि सुंदर म्हणून वर्णिलेली झाडे ताणावर होती. त्या वर्षी त्याने ताण तोडला नाही. आधीच्या हंगामात फळगळ मोठी झाली होती, उरलेल्या मालाला भाव नव्हता, आणि बोअरचे पाणी खोल गेले होते. मोर्शी-वरूड हा भूजलाच्या अतिउपशाचा पट्टा म्हणून सरकारदरबारी नोंदलेला आहे. शेजारी केवढे धरण आहे, याने त्या नोंदीत फरक पडत नाही. वीस-बावीस वर्षांची बाग. वडिलांच्या हयातीत लावलेली.

तो म्हणाला, "त्या दिवशी तुले तेच सांगाचं होतं. म्हणूनच तं बोलावलं होतं. पन तू लय खुशीत होता, गड्या."

म्हणजे मैत्रीत शब्दांची गरज संपली नव्हती. एका माणसाला बोलायचे होते आणि दुसऱ्याने आपल्या आनंदाने त्याची वाट अडवली होती. पुढे जाऊन त्याच अडवणुकीचे त्याने साहित्य केले होते.

इथून मला रिद्धपूरला जावे लागते. मोर्शी तालुक्यातले हे गाव, मोर्शीहून गाडीने तासाभराच्या आत. महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. गोविंदप्रभू इथे राहिले, चक्रधरांना ते इथेच भेटले, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे लेखन इथल्या वाजेश्वरीच्या परिसरात केले असे परंपरा सांगते. मराठी भाषा विद्यापीठासाठीही हेच गाव निवडले गेले आणि २०२४ मध्ये त्याला पहिले कुलगुरू मिळाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सभासमारंभांतून लीळाचरित्राचे नाव पुष्कळ वेळा घेतले गेले. आमच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र तो एका गुणाचा प्रश्न आहे: मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ कोणता? उत्तर लिहून झाले की ग्रंथ संपतो.

त्या ग्रंथात असते काय, हे विद्यार्थ्यांना सांगितले तर ते चकित होतात. तत्त्वज्ञान आहे, दृष्टान्त आहेत, हे खरे. पण फार मोठा भाग असा की गोसावी अमुक गावी होते, अमुक देवळात बसले, अमुक बाईने असे असे जेवण केले, कोणी रुसले, कोणाला हसू आले, कोणी काही विचारले, गोसावी काही म्हणाले. गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर हे आणखी ठळक आहे. ते चरित्र वि. भि. कोलते यांनी १९४४ साली संपादून छापले आणि १९८४ साली ॲन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत नेले. जगाच्या दृष्टीने वेडा ठरावा असा हा पुरुष रिद्धपूरच्या गल्लीबोळांतून हिंडतो, कोणाच्याही घरात शिरतो, पुढे आलेले खातो, मुलांच्या खेळात खेळतो, जातीच्या उंबरठ्याची पर्वा करीत नाही. गावकरी त्याला माय म्हणत आणि बापही म्हणत. आईबापपण आणि रोजचा दिवस, दोन्ही एकत्र असलेले मराठीतले हे पहिले पुस्तक असावे. असे म्हणणे पंथीयांना कदाचित रुचणार नाही, कारण त्यांच्यासाठी तो परमेश्वरावतार आहे. मी साहित्याचा शिक्षक म्हणून बोलतो आहे.

त्या लेखानंतर एका रविवारी आम्ही रिद्धपूरला गेलो होतो. तिथे जागोजागी स्थाने आहेत, ओटे बांधलेले. महानुभावांनी आपल्या दैवतांच्या वावराच्या जागा शतकानुशतके जपल्या आणि 'स्थानपोथी' या ग्रंथात त्यांची नोंद केली. आसनस्थान म्हणजे बसण्याची जागा, आरोगणास्थान म्हणजे जेवणाची, पहुडस्थान म्हणजे निजण्याची, मादनेस्थान म्हणजे स्नानाची. परिश्रयस्थानही असते. त्याचा अर्थ मुलीने विचारला, मी जरा आडवळणाने सांगितला, आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की पुढे चाललेल्या भाविकांनी वळून पाहिले. मला संकोच वाटला. पण तिच्या हसण्याने एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काय आठवावे आणि काय गाळावे, हे या माणसांनी ठरवलेच नाही. जे घडले आणि जिथे घडले ते सगळे त्यांनी ठेवले. रम्य, अरम्य असा विवेक केला नाही. माझ्या लेखात मी पहिली गोष्ट केली होती ती हीच, की धूर, राख, खरकटी भांडी आणि मित्राचा उतरलेला चेहरा वगळून उरलेल्याला क्षण हे नाव दिले होते.

आता मुख्य मुद्दा, म्हाइंभटांच्या पद्धतीचा. चक्रधर निघून गेल्यावर त्यांच्या लीळांचे स्मरण अनुयायांच्या मनांत विखुरलेले होते. म्हाइंभट हे विद्वान गृहस्थ. संस्कृतात सुबक काव्य रचून मोकळे होणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. नागदेवाचार्यांच्या आठवणी घेतल्या आणि मग ज्या ज्या माणसाच्या देखत एखादी गोष्ट घडली होती त्याच्याकडे गेले. त्यांत बायका होत्या, म्हाताऱ्या होत्या. त्यांचे शब्द त्यांच्या बोलण्याच्या मराठीत उतरवले. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. अशा माणसांत हिराइसा नावाच्या बाईचे नाव आदराने घेतले जाते. त्यामुळे पाठ निरनिराळे झाले. आणि इथे या परंपरेने जे केले त्याला माझ्या मते मराठी समीक्षेने पुरेशी दाद दिलेली नाही: तिने ते भेद मिटवले नाहीत. एका आठवणीबरोबर दुसऱ्याची वेगळी आठवण 'वासना' म्हणून ठेवली, काही जागी 'शोधु' म्हणून नंतर सापडलेले जोडले. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे. ज्याला ते परमेश्वराचे चरित्र मानत होते त्याच्या बाबतीतसुद्धा त्यांनी असे म्हटले नाही की मला आठवते तेवढेच खरे.

आणि आपण एका रविवारच्या बाबतीत ते म्हणतो!

याला आपल्या विसाव्या शतकातल्या वाङ्मयाचा इतिहासही जबाबदार आहे. १९३०च्या आसपास फडके, खांडेकर, काणेकर यांनी लघुनिबंध रुजवला. त्याचा प्राण म्हणजे लेखकाचे व्यक्तिमत्त्व, वाचकाशी आपलेपणाने मारलेल्या गप्पा. त्याने मराठी गद्य मोकळे केले, हे मान्यच आहे. पण गप्पांत एकच जण बोलत राहिला तर त्या गप्पा उरत नाहीत. आपली बायको, मुले, मित्र हे त्या निबंधात लेखकाच्या चिंतनाला निमित्त पुरवणारी पात्रे झाली. मूल एखादा गमतीदार प्रश्न विचारते आणि त्याचे काम संपते. पुढचे दोन परिच्छेद वडिलांचे. याच परंपरेत सगळे असे नव्हते, हेही नोंदवायला हवे. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' (१९४९) हा लेख आठवावा. त्यात लेखिकेची ओळख अखेरीस पुरी होते ती रस्त्यावरच्या शाळकरी पोरांच्या बोलण्यातून. आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ती पोरे तिला ओळखतात. पालकाच्या आयुष्यातला हा अगदी किरकोळ क्षण. तो उभा राहतो, कारण तिथे पाहणारे डोळे दुसऱ्याचे आहेत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. तिथे नवऱ्याच्या तऱ्हा आहेत, स्वतःची फजितीही आहे, आणि आपल्याला जे कळले नाही ते कळले नाही असेच सांगितलेले आहे. दोन्ही लेखिका आहेत, हा योगायोग म्हणावा की काय, याचा विचार पुरुष ललितलेखकांनी आपापला करावा.

वऱ्हाडाचा विषय निघाला आहे म्हणून 'धग'चेही नाव घेतो. उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० सालची, आणि तिच्यातली कौतिक ही मराठीतली एक थोर आई आहे. तिच्या आयुष्यात रविवार आहे का, असा प्रश्न मी एकदा वर्गात विचारला. बराच वेळ कोणी बोलले नाही. कादंबरीत दिवस आहेत, कामे आहेत, पोरांची पोटे आहेत, सुट्टी नाही.

रविवार ही मुळात मिळवलेली गोष्ट आहे, याचाही आपल्याला विसर पडलेला असतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी अनेक वर्षे मागणी केली तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचे एक कारण सांगितले जाते. सत्यशोधक चळवळीतल्या एका माणसाने कामगारांसाठी मिळवलेला हा दिवस पुढे नोकरदारांच्या अंगवळणी इतका पडला की तो निसर्गातच आहे असे वाटू लागले. संत्र्याच्या बागेला रविवार नसतो. गोठ्याला नसतो. आणि गोवऱ्यांच्या धुरात बसलेल्या बाईला तर तो इतर वारांहून जड असतो, कारण त्या दिवशी माणसे घरी असतात. पालकांच्या सुट्टीच्या दिवसाविषयी लिहिताना ही सुट्टी नेमकी कोणाची आणि तिचे काम कोणाच्या अंगावर पडले, एवढे विचारले तरी निम्मा गुळगुळीतपणा जातो. मी बी.ए.च्या वर्गाला एकदा असा स्वाध्याय दिला: घरातल्या एका रविवारचे वर्णन तीन माणसांच्या तोंडून ऐकून, त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. ज्यांनी आणले त्यांच्यापैकी काहींनी पहिल्याच ओळीत लिहिले होते की आमच्या घरी रविवार नसतो. आधी मला वाटले, हा स्वाध्याय टाळण्याचा मार्ग आहे. मग पुढचे वाचले. मजुरीला जाणाऱ्या आईने सांगितलेल्या दिवसाची ती नोंद होती आणि ती त्या वर्षीच्या सगळ्या निबंधांपेक्षा सरस होती.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की असे केल्याने ललित लेखाची पंचनाम्याची कागदे होतील. ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. दुसऱ्याला विचारून लिहिल्याने लेखकाचा 'मी' मरत नाही, त्याला फक्त जागेवर बसावे लागते. दुसरा आक्षेप अवघड आहे आणि तो माझा मलाच सुचलेला आहे. म्हाइंभटांनी सगळे टिपले, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे तो परमेश्वर होता; त्याने कुठे पाय धुतले तेही पवित्र होते. माझ्या घरातल्या माणसांनी जानेवारीतल्या एका दुपारी काय केले, याला तशी कोणतीच पवित्रता नाही. मग ते इतक्या काटेकोरपणे कशासाठी टिपायचे? श्रद्धेचा आधार काढून घेतल्यावर ती पद्धत उभी राहते का? याचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. एवढे सांगता येते की श्रद्धेशिवायही एक बंधन उरते. ज्या माणसांबद्दल मी लिहितो ती जिवंत आहेत, माझ्याच घरात आहेत, आणि छापलेला मजकूर वाचून 'ते पाणी मी पाहिलंच नाही' असे म्हणू शकतात. चक्रधर लीळा वाचायला परत येणार नव्हते. माझी पत्नी दुसऱ्याच दिवशी चहा घेऊन समोर बसणार होती.

म्हणून मी तो रविवार पुन्हा लिहायला घेतला. पत्नीची आणि मित्राची आठवण वर आली आहे. तिसरी मित्राच्या आईची. तिला मी मावशी म्हणतो. ती त्या दिवशी खाटेवर पाण्याकडे पाठ करून बसली होती, हे मला आठवत होते. उन्हामुळे असेल असे मी धरले होते. या वेळी जाऊन विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिकडं आमचं घर होतं. दारात चिचेचं झाड होतं. तिकडं पाहून काय करू?" तिचे माहेर धरणात गेलेल्या गावांपैकी. धरण १९९३ मध्ये पूर्ण झाले. मी ज्याला चांदी म्हटले होते त्याच्या तळाशी तिचे अंगण होते. प्रकल्पग्रस्तांचे धरणे आंदोलन मोर्शीच्या तहसीलसमोर महिनोन्‌महिने चालले होते, त्यातल्या काहींनी ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईला मंत्रालयात जाऊन संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या होत्या. हे सगळे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. वाचलेले असूनही त्या पाण्याशेजारी बसून मी पक्ष्यांविषयी लिहिले. पक्षी होते, ते मी काढलेले नाहीत. पण आता ते मावशीच्या पाठीमागे आहेत.

ती पुढेही बरेच बोलली. माहेरच्या गावात बाजाराच्या दिवशी तिचे वडील तिला खांद्यावर बसवून नेत. परतताना भेळभत्ता घेऊन देत आणि नदी उतरताना म्हणत, डोळे मीट, नाहीतर पाणी ओढते. आठवड्यातला बापाबरोबरचा तिचा दिवस तो होता. त्याचे नाव रविवार नव्हते एवढेच. हे माझ्या लेखाच्या विषयात बसते की नाही, याचा मी फार विचार केला नाही. लिहून घेतले.

चौथा पाठ मुलीचा. ती आता बाहेरगावी शिकते. सुट्टीला आली तेव्हा विचारले की तो दिवस तुला कसा आठवतो. माझ्या मूळ लेखात ती फुलपाखरामागे धावत होती आणि तिने पाण्याबद्दल एक गोड प्रश्न विचारला होता. तो प्रश्न तिला आठवत नाही. तिने तो विचारला असेल, किंवा दुसऱ्या कोणत्या दिवसाचा तो मी या दिवसात आणून बसवला असेल. आता मलाही खात्री नाही. तिला आठवते ते असे की निखाऱ्यातला रोडगा उचलताना तिचे बोट भाजले. ती रडली नाही, कारण मित्राचा मुलगा पाहत होता. आजीने, म्हणजे मावशीने, ते बोट आपल्या मुठीत धरून ठेवले आणि कोणाला सांगितले नाही. मी त्या वेळी काठावर होतो.

मावशीला मी हे विचारले. तिला बोट भाजल्याचे आठवत नाही. तिच्या मते पोरगी थंडीने तिच्याजवळ येऊन बसली होती. दोन्ही लिहून ठेवले आहे.

नवा मजकूर छापायला देण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवला. मित्राने बागेच्या हिशेबाबद्दलचे एक वाक्य काढायला सांगितले, ते काढले. पत्नीने ऐकून घेतले आणि म्हणाली की एक राहिले: कणीक सकाळी सात वाजता आमच्या घरी तिंबली होती, वहिनी पहाटेच्या एसटीने त्यासाठी मोर्शीला आल्या होत्या. ते मला माहीतच नव्हते. आता ते पहिल्या ओळीत आहे.